एकाच मुलखातून दोन बंदरांत

मीरा रोडच्या कुठल्याही चायनीजच्या गाडीवर मंच्युरियन आणि शेजवान राइसच्या पंगतीला हमखास ‘अमेरिकन चॉप्सी’ असते. बनवणारा बहुधा नेपाळी, खाणारे आपण. चिनी माणूस या व्यवहारात कुठेच नाही. त्याचा माग काढायचा तर अंधेरीला हार्बरची गाडी पकडून डॉकयार्ड रोडला उतरावं लागतं.

माझगावात तिथून जवळच १९१९ सालचं ‘सी यूप कून’ हे चिनी मंदिर आहे. बाहेरून जुनं दुमजली घरच वाटतं. खाली क्वान यिन देवी. वरच्या मजल्यावर न्यायाचा आणि पराक्रमाचा देव क्वान कुंग. त्याच्यापुढे बांबूच्या कांड्यांचा डबा हलवायचा, बाहेर पडेल त्या कांडीचा कौल घ्यायचा. आपल्या कोकणातल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही.

सी यूप म्हणजे कँटनकडचे चार तालुके. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या चिन्यांपैकी बहुतेक याच भागातले. सॅन फ्रान्सिस्कोच्या काँग चाव मंदिरातही क्वान कुंगच बसलेला आहे. सिएरा नेवाडाचा कातळ फोडून रेल्वे टाकली ती या लोकांनी. १८६९ मध्ये लाइन पूर्ण झाली आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा आला. पुढे १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मदप्तरं जळाली, तेव्हा अनेकांनी ‘आम्ही इथेच जन्मलो’ असं सांगून नागरिकत्व मिळवलं आणि चीनमधून कागदोपत्री मुलगे आणायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर इमिग्रेशनचे अधिकारी या मुलग्यांची उलटतपासणी घेत: घराला पायऱ्या किती, विहीर कुठल्या बाजूला, शेजारी कोण राहतं? पोरं बोटीवर टिपणं घोकत आणि किनारा दिसला की ती समुद्रात फेकून देत. कायदा १९४३ मध्ये रद्द झाला खरा, पण प्रवेश ठेवला वर्षाला फक्त १०५ जणांना.

मुंबईत असा कायदा नव्हता. गोदीत, बोटींवर कामाला आलेले चिनी इथे राहिले. कामाठीपुऱ्याच्या सुखलाजी स्ट्रीटवर त्यांची वस्ती झाली. दाताचे दवाखाने, ब्युटी पार्लर, हॉटेलं हे त्यांचे धंदे. चिकन मंच्युरियन १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी केलं. तेही जन्माने कोलकात्याचे.

पण तोवर वस्तीला ओहोटी लागली होती. १९६२ च्या युद्धात सुमारे तीन हजार भारतीय चिन्यांना, मुख्यतः आसाम आणि उत्तर बंगालमधून उचलून, राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत डांबलं. खटला नाही, आरोप नाही. काही जण तर १९६७ पर्यंत आत होते. इतरांवर पोलिसांची नजर, गावाबाहेर जायचं तरी परवानगी. मग देशभरातली अनेक चिनी कुटुंबं कॅनडा-अमेरिकेला निघून गेली.

१८८२ च्या कायद्याबद्दल अमेरिकेच्या सिनेटने २०११ मध्ये आणि प्रतिनिधिगृहाने २०१२ मध्ये खेद व्यक्त केला. देवलीतून सुटलेल्यांनी कॅनडात संघटना काढून भारत सरकारकडे माफीची मागणी केली आहे. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. दिल्लीने अजून तोंड उघडलेलं नाही.