छातीवरचा शिक्का
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण सदऱ्याच्या रंगाची हकीकत पाहिली. एकाच रंगाचे दोन संघ दप्तरी नोंदले जाऊ नयेत असा दंडक इंग्लंडातील फुटबॉल लीगने 1890 साली कसा घातला, तो अव्यवहार्य ठरल्यावर प्रत्येक संघाने सदऱ्यांचा दुसरा जोड बाळगावा असे कसे ठरले, आणि रंग जुळल्यास कपडे यजमानांनी बदलावयाचे की पाहुण्यांनी, हा वाद 1921 साली पाहुण्यांच्या माथी मारून कसा मिटविण्यात आला, हे सारे तेथे येऊन गेले आहे. आता त्याच सदऱ्यावर, हृदयाच्या बाजूस, जे चार बोटे रुंदीचे बोधचिन्ह शिवलेले असते त्याकडे वळू. रंगाचा तंटा डोळ्यांना दिसतो आणि दुसरा सदरा चढविला की सुटतो. चिन्हाच्या तंट्यात मात्र अर्ज, फेरअर्ज, तक्रारी आणि क्वचित न्यायासनही येते, आणि ज्या संघाच्या तिजोरीत हंगामाअखेर नवे चेंडू घेण्यापुरतीही शिल्लक उरत नाही अशा लहानशा वस्तीच्या संघालाही त्यातून सुटका नसते.

मोजमापाचे नियम प्रथम उरकून घेतो, कारण ते दिसतात तितके अवघड नाहीत. खेळाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील चौथे कलम पोशाखाचे आहे. त्यान्वये दोन्ही संघांचे व पंचांचे रंग परस्परांहून वेगळे ओळखू यावेत, आतल्या बनियनची बाही सदऱ्याच्या बाहीच्या मुख्य रंगाचीच असावी, आणि राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक स्वरूपाची घोषणा, विधान किंवा प्रतिमा पोशाखावर कोठेही असू नये. पहिल्या कलमात मैदानाचा विचार करताना असेही सांगितले आहे की खेळ चालू असता क्लबाचे चिन्ह हिरवळीवर, गोलच्या खांबांवर वा जाळीवर नको. कोपऱ्यावरच्या निशाणाच्या कापडावर मात्र त्यास मुभा आहे. इंग्लिश फुटबॉल संघटनेने याला आपल्या आकड्यांची जोड दिली असून, सदऱ्याच्या पुढील बाजूस पुरस्कर्त्याच्या जाहिरातीला 250 चौरस सेंटिमीटर आणि कपडे शिवणाऱ्या कंपनीच्या खुणेला 20 चौरस सेंटिमीटर इतकी जागा नेमून दिली आहे. तसेच ज्या संघातील सर्व खेळाडू अठरा वर्षांखालील आहेत त्यांच्या अंगावर, कोवळ्या वयाच्या आरोग्यास वा हितास बाधक अशा कोणत्याही मालाची जाहिरात चालत नाही. हे नियम पट्टी घेऊन तपासता येतात, आणि मुलांविषयीचे कलम सोडले तर त्यांची अंमलबजावणी करणाऱ्याला फारसा विचार करावा लागत नाही. हीच त्यांची मोठी सोय होय.

तथापि मोजता येणाऱ्या नियमालाही बगल देणारे निघतातच. 24 जानेवारी 1976 रोजी केटरिंग टाउन हा सदर्न लीगमध्ये खेळणारा सामान्य संघ बाथ सिटीविरुद्ध मैदानात उतरला तो छातीवर ‘केटरिंग टायर्स’ अशी अक्षरे मिरवीत. गावातील एका टायरच्या व्यापाऱ्याशी हा सौदा जमविणारे डेरेक डूगन हे त्या संघाचे चालक आणि स्वतः नामांकित खेळाडू. फुटबॉल संघटनेचे फर्मान चारच दिवसांत येऊन थडकले की ही अक्षरे काढून टाका. डूगन यांनी आज्ञापालन असे केले की ‘टायर्स’ या शब्दाचे एक आद्याक्षर तेवढे ठेवून बाकीची पुसून टाकली, आणि उरलेला ‘टी’ हा गावच्या नावातील ‘टाउन’चा आहे असा खुलासा पाठविला. हजार पौंडांच्या दंडाची धमकी आली तेव्हा कोठे तोही उतरला. पण पुढल्याच वर्षी संघटनेने जाहिरातीस परवानगी दिली, आणि त्या परवानगीचा मलिदा खाण्यास जे पुढे सरसावले त्यांत केटरिंगच्या तोलामोलाचे संघ अर्थातच कमी होते.

जर्मनीत याच्या तीन वर्षे आधी घडलेला प्रकार मला याहून बोधप्रद वाटतो. तेथे सदऱ्यावर जाहिरातीस मनाई होती, परंतु क्लबाच्या स्वतःच्या चिन्हास अर्थातच नव्हती. आइन्ट्राख्ट ब्राउनश्वाइग या संघाच्या चिन्हावर त्या नगरीचा पुरातन सिंह होता, आणि ग्युंटर मास्ट हे येगरमायस्टर नावाच्या मद्याचे कारखानदार संघाला पैसा देण्यास सिद्ध होते. तेव्हा क्लबाच्या सभासदांनी रीतसर सभा भरवून सिंहाला निरोप दिला आणि त्या मद्याच्या बाटलीवरचा हरिण आपले चिन्ह म्हणून स्वीकारला. मार्च 1973 मध्ये संघ तो हरिण छातीवर घेऊन खेळला. कायद्याचे एक अक्षरही मोडले नाही; मोडली ती कायदा लिहिताना कोणालाही लिहून ठेवावीशी न वाटलेली एक समजूत, की चिन्ह हे विकाऊ नसते. एवढी साधी गोष्ट नियमांत घालण्याची गरज पडेल, असे त्या नियमकर्त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

चिन्हावरच्या सत्तेचा अगदी निराळा मासला स्कॉटलंडात आढळतो. तेथे ढालीच्या आकारात कुलचिन्हासारखी आकृती धारण करावयाची तर लॉर्ड लायन या अधिकाऱ्याच्या दप्तरी ती नोंदवून सनद घ्यावी लागते. हा अधिकारी केवळ शोभेचा मानकरी नसून त्याचे स्वतःचे न्यायासन आहे आणि 1672 च्या कायद्याचा आधार त्याला आजही आहे. एअर युनायटेड हा संघ कित्येक दशके जी ढाल मिरवीत आला होता, ज्यात स्कॉटलंडच्या निशाणावरील तिरपा क्रूसही होता, ती बिनसनदी असल्याचे 2015 साली त्याच्या ध्यानी आणून देण्यात आले, आणि अखेर त्या संघाला नवे चिन्ह तयार करून घ्यावे लागले. तीन शतकांपूर्वी सरदारांच्या भाऊबंदकीवर लगाम घालण्यासाठी जो कायदा कामी येई, तो फुटबॉलच्या सदऱ्यावर येऊन आदळावा, हे पाहून हसू येईल खरे. परंतु त्या कायद्याला एक गुण द्यावाच लागेल. ढालीत काय आहे याचा अर्थ तो लावीत बसत नाही. सनद आहे की नाही, इतकेच तो विचारतो.

चिन्हाचा अर्थ लावीत बसण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियाने केला, आणि या लेखांकाचा खरा विषय तोच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया, हंगेरी, माल्टा अशा देशांतून माणसे लाखांनी त्या खंडात येऊन वसली. त्यांच्या वाट्याला कारखान्यातली आणि धरणावरची कामे आली, भाषा परकी, शेजार अपरिचित. आणि तेथल्या इंग्रजी वळणाच्या समाजाचे प्रेम क्रिकेटवर आणि आपल्या नियमांच्या लांबट चेंडूच्या फुटबॉलवर. अशा स्थितीत आठवडाभर राबलेली माणसे रविवारी एकत्र येत ती आपल्या मायदेशीच्या फुटबॉलसाठी, आणि ज्या संघाभोवती ती जमत त्या संघाला नावही मायदेशाचेच देत. मेलबर्न क्रोएशिया 1953 चा, लायकार्टचा आपिया हा इटालियनांचा संघ 1954 चा, सिडनी क्रोएशिया 1958 चा, साउथ मेलबर्न हेलास 1959 चा. मॅसिडोनियन मंडळींचा प्रेस्टन माकेडोनिया तर त्याहून जुना. हे संघ म्हणजे निव्वळ अकरा खेळाडू नव्हते. लग्ने जुळविणे, नोकरीची शिफारस करणे, नव्याने बोटीतून उतरलेल्याला खोली पाहून देणे, ही सारी कामे क्लबाच्या दिवाणखान्यात होत.

खेळाच्या चालकांना मात्र हे डाचत होते. आपला खेळ परकीयांचा म्हणून ओळखला जातो, म्हणून वर्तमानपत्रे त्याला कोपऱ्यात टाकतात आणि पुरस्कर्ते दूर राहतात, असे त्यांचे निदान होते. त्यात एका देशातून आलेल्या दोन जमातींचे वैर कधीकधी प्रेक्षकांत उफाळून येई, त्याची भर पडे. म्हणून नावे आणि चिन्हे बदलण्याचा तगादा पुनःपुन्हा लागला, आणि 1990 नंतरच्या दशकात तो विशेष कडक झाला. मेलबर्न क्रोएशियाचे ‘नाइट्स’ झाले, सिडनी क्रोएशियाचे ‘युनायटेड’, माकेडोनियाचे ‘लायन्स’, तर साउथ मेलबर्नला काही काळ ‘लेकर्स’ हे नाव घ्यावे लागले. शेवटी 2014 साली या धोरणाला लेखी रूप आले. राष्ट्रीय क्लब-ओळख धोरण या नावाने काढलेल्या त्या दस्तऐवजात असे फर्माविले होते की नव्याने स्थापन होणाऱ्या, किंवा आपली ओळख बदलू इच्छिणाऱ्या कोणत्याही क्लबाचे नाव, चिन्ह वा बोधवाक्य यांतून वांशिक, राष्ट्रीय, राजकीय, जातीय अथवा धार्मिक अर्थ सूचित होता कामा नये. जुन्यांना जुनी नावे ठेवण्यास मुभा होती, पण त्यांना हात लावायचा म्हटले की नवा नियम लागू.

या कलमातील ‘सूचित’ होण्याने सारा घोटाळा केला. सिंह सूचित काय करतो? निळा-पांढरा पट्टा ग्रीसचा, की केवळ निळा-पांढरा? लाल-पांढऱ्या चौकटी क्रोएशियाच्या खऱ्या, पण त्या बुद्धिबळाच्या पटाच्याही असतात. या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी संघटनेच्या कारकुनाला कुलचिन्हशास्त्री, इतिहासकार आणि मनकवडा या तिन्ही भूमिका वठवाव्या लागतात, आणि तो बिचारा यांपैकी कशासाठीच नेमलेला नसतो. परिणाम व्हायचा तोच झाला. धोरणाच्या पहिल्याच वर्षी देशव्यापी चषकस्पर्धेत मेलबर्न नाइट्सने आपल्याच समाजगृहाचे ‘मेलबर्न क्रोएशिया’ हे नाव पुरस्कर्ता म्हणून छातीवर घालू देण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली, आणि प्रकरण मानवी हक्क आयोगापर्यंत पोहोचले. 2017 साली अ‍ॅव्हनडेल या मेलबर्नच्या संघाच्या सदऱ्यावर इटलीचा चिमुकला तिरंगा होता. त्या स्पर्धेपुरता तो चिकटपट्टी लावून झाकावा लागला. ज्या खुणेकडे प्रेक्षकांपैकी कोणाचे लक्षही गेले नसते, तिची चर्चा पट्टीमुळे देशभर झाली.

आपणा मराठी वाचकांना या वादाची दुसरी बाजू समजण्यास अडचण पडू नये. मुंबईत 1912 पासून चौरंगी आणि 1937 पासून पंचरंगी क्रिकेट सामने भरत असत, त्यांत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन अशी धर्म आणि वंश यांवरच संघांची वाटणी होती. लोक त्यांवर जीव टाकीत, आणि तरीही 1940 साली गांधीजींनी त्यांविषयी नापसंती व्यक्त केली व 1946 नंतर ते बंद पडले, याबद्दल आज कोणी फारसा शोक करीत नाही. मग ऑस्ट्रेलियाने तेच केले तर बिघडले कोठे? माझ्या मते भेद येथे आहे: मुंबईच्या त्या स्पर्धेत जन्माने ठरणारी जमात ही खेळण्याची अटच होती, पारशी संघात पारशीच हवा, मेलबर्न आणि सिडनीच्या संघांत दुसऱ्या वंशाचे खेळाडू सर्रास खेळत आणि नाव तेवढे संस्थापकांच्या आठवणीचे राही. त्याची तुलना करावयाची तर कोल्हापूरशी करावी. तेथे छत्रपती शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात, सदऱ्यावर तालमीचे नाव असते, पेठ पेठेच्या मागे उभी राहते, आणि ‘तालीम’ हा शब्द कुस्तीचा असल्यामुळे फुटबॉलच्या प्रतिमेस बाधा येते म्हणून तो काढून टाका, असे सुचविणाऱ्याला तेथील रसिक काय उत्तर देतील याची कल्पना वाचकांनीच करावी.

नियमकर्त्यांची भीती मात्र सर्वस्वी निराधार होती असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सिडनी युनायटेड 58 हा संघ ऑस्ट्रेलियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, ही अर्धव्यावसायिक संघाच्या दृष्टीने थोर कामगिरी. पण त्याच्या प्रेक्षकांपैकी काहींनी नाझी पद्धतीचे सलाम ठोकले, मूळ रहिवाशांच्या सन्मानार्थ होणाऱ्या स्वागतविधीच्या वेळी हुर्यो केली, आणि क्लबावर संघटनेला कारवाई करावी लागली. हे लाजिरवाणे होते यात शंका नाही. परंतु ते ज्या संघाच्या सामन्यात घडले त्याच्या नावातून ‘क्रोएशिया’ हे नाव जाऊन तीन दशके होत आली होती. नाव पुसल्याने वृत्ती पुसली गेली नाही. आणि वृत्तीला शासन करावयाचे तेव्हा ते वर्तनाच्या नियमांनीच करावे लागले, चिन्हाच्या नियमांनी नव्हे.

धोरण त्यापूर्वीच, 2019 साली, मागे घेण्यात आले होते. त्याच्या जागी आलेली तत्त्वे समावेशकतेच्या नावाने ओळखली जातात, आणि त्यांनी चिन्हांवरील सरसकट मनाई उठविली. क्लबाने आपला वारसा सांगावा, पण त्यापायी इतर कोणाला दार बंद होऊ नये, असा त्यांचा रोख आहे. सिडनीच्या दक्षिणेकडील रॉकडेल सिटी सन्स या मॅसिडोनियन मंडळींच्या संघाने या मुभेचा लाभ घेऊन आपले जुने नाव ‘इलिंडेन’, म्हणजे 1903 च्या मॅसिडोनियातील उठावाचे नाव, पुन्हा धारण केले. त्यानंतर 2025 साली तेथील दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू करावयाची ठरली तेव्हा तिच्या आठ संस्थापक संघांत कोण असावे? आपिया, प्रेस्टन, साउथ मेलबर्न, सिडनी युनायटेड, मार्कोनी, रॉकडेल इलिंडेन, आणि चिकटपट्टीवाला अ‍ॅव्हनडेलसुद्धा. आठवा तेवढा वोलाँगाँगचा वुल्व्ह्‌ज. खेळ मोठा व्हावा म्हणून ज्यांची ओळख झाकण्याचा खटाटोप झाला, खेळ वाढविण्याची वेळ आली तेव्हा प्रेक्षक, मैदान आणि हिशेबाची वही या तिन्ही गोष्टी त्यांच्याचपाशी शाबूत निघाल्या.

पुढील लेखांकात आपण सदऱ्याच्या पाठीकडे जाऊ. 1933 च्या इंग्लिश चषकाच्या अंतिम सामन्यात एका संघाने 1 ते 11 आणि दुसऱ्याने 12 ते 22 असे अंक का घातले होते, तेथून सुरुवात करावी लागेल.