अनियमित नाडी आणि चढा रक्तदाब

हृदयाच्या कर्णिकांचे लयबद्ध आकुंचन लोपून तेथे केवळ थरथर उरली, म्हणजे ‘एट्रियल फिब्रिलेशन’ जडले, की डाव्या कर्णिकेच्या पिशवीवजा उपांगात रक्त साकळते, आणि त्यातली गुठळी मेंदूच्या रोहिणीत अडकल्यास पक्षाघात ओढवतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅमच्या पाहणीने ही जोखीम सुमारे ५ पट असल्याचे १९९१ साली दाखविले. चढा रक्तदाब या विकाराचे कारणही असतो आणि साथीदारही. रक्त गोठू न देणारे औषध चालू असता तो बेलगाम राहिला, तर मेंदूत रक्तस्रावाचीच धास्ती वाढते. ही गोष्ट, आमच्या मते, रुग्णांस पुरेशी बजावली जात नाही. नाडी अनियमित असता यंत्राचा एकच आकडा मुक्रर मानू नये. लागोपाठ ३ वेळा दाब मोजून सरासरी धरावी.