मुळशीचं पाणी, रेवदंड्याचा रावस

कयाक घेऊन रावसामागे जाण्याचं वेड मला बरीच वर्षं आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावर त्यासाठी कुंडलिका नदीच्या मुखासारखी दुसरी जागा मला दिसत नाही. एका अंगाला रेवदंड्याचा कोट, दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर, मधून खाडी. ओहोटी लागली की तिवरांमधल्या नाळींतून गढूळ पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी वाहून येते आणि रावस त्या वाटेवर टपून असतो. त्याच्या डोळ्यांवर चरबीचा पातळ पडदा असतो आणि छातीच्या परांखाली दोन्ही बाजूंना चार-चार सुटे दोरे. गढुळात भक्ष्य चाचपायला ते उपयोगी पडतात. इंजिनाचा आवाज न करता उथळ पाण्यात शिरणारी होडी त्याच्याजवळ पोचते. वल्ही मारत गळ टाकणाऱ्या कोळ्यांना हे कधीचंच ठाऊक आहे.

कुंडलिकेवर कयाक पाहायची म्हटलं की लोक मात्र कोलाडला जातात. तिथलं फेसाळतं पाणी उन्हाळ्यातही खळाळत असतं, कारण ते भिऱ्याच्या वीजकेंद्राचं अवजल आहे. सकाळी पाणी सुटतं, त्याच्या वेळा धरून राफ्ट उतरतात.

ते पाणी आलं कुठून याचा माग काढत गेलो, आणि मासा बाजूला राहून नदीच मोठी झाली. ते पाणी मूळचं घाटावरच्या मुळा नदीचं. मुळा मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. टाटांनी तिला मुळशीला अडवलं, पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला उतरवलं आणि 1927 साली भिऱ्याचं केंद्र सुरू झालं. पूर्वेला जायचं पाणी तेव्हापासून अरबी समुद्रात येतं आहे. रावसाची शास्त्रातली नोंद मात्र पूर्व किनाऱ्यावरची: पॅट्रिक रसेलने विशाखापट्टणमच्या माशांवर 1803 साली छापलेल्या पुस्तकाच्या आधारे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने 1804 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं.

या धरणाविरुद्धच्या मुळशीच्या सत्याग्रहातले सेनापती बापट सगळ्यांना माहीत आहेत. 1921 च्या रामनवमीला लढा सुरू झाला, शेवटी बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण झालंच. त्यांच्या जोडीने तो लढा उभा करणारे विनायकराव भुस्कुटे मात्र आज कुणाच्या तोंडी नाहीत. त्यांनी पुढे ‘मुळशी सत्याग्रह’ लिहून त्या धामधुमीचा आतला वृत्तान्त मागे ठेवला, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं. अभ्यासक राजेंद्र व्होरांनी नंतर त्याच लढ्यावर इंग्रजीत सविस्तर ग्रंथ लिहिला आणि एक अवघड गोष्ट स्पष्ट केली: जमिनीवर हक्क असलेले पुण्याचे सावकार आणि ती जमीन कसणारे मावळे यांचं हित एक नव्हतं. ज्याला नुकसानभरपाईत रस होता त्याच्या दृष्टीने भाव हा प्रश्न होता. ज्याचं भातखाचर बुडणार होतं त्याच्या दृष्टीने भावाला अर्थच नव्हता. भांडणाचं हे मूळ समजल्यावर लढा का ढासळला हे कळतं. तो लढा घाटावरच्या जमिनीसाठी होता. घाटाखाली नदीचं काय होईल, हा प्रश्न मला आज छळतो.

कारण भिऱ्याहून सुटलेलं पाणी सगळं खाडीपर्यंत येत नाही. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर काही कालव्यांत वळतं, काही कारखान्यांकडे. रोह्यापर्यंत भरती चढते, आणि तिथेच धाटावच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी खाली खाडीत जातं. नेमक्या याच टापूत, निमखाऱ्या पाण्यात, रावसाची पिल्लं वाढतात. कोलाडला पर्यटनाचे फलक आहेत, रोह्याखाली दुर्गंधीची तक्रार. एकाच नदीला अशी दुहेरी वागणूक मला मान्य नाही.

रावसाची आणखी एक गोष्ट गळवाल्यांनी मनावर घ्यायला हवी. तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे बाजार ज्या थोराड रावसासाठी जास्त पैसे मोजतो, ती बहुधा अंड्यांची धनीण असते. जाळ्यात सापडलेला मासा क्वचितच जिवंत परत जातो. कयाकवरचा छांदिष्ट मात्र एकेक मासा हाताळतो, त्याला पर्याय असतो. मोठा रावस गळाला लागला तर त्याला पाण्याबाहेर न उचलता, होडीच्या कडेलाच गळ सोडवून परत जाऊ द्यावं, असं माझं ठाम मत आहे. पोटासाठी मासे मारणाऱ्या कोळ्याला हे सांगायचा अधिकार मला नाही. हौशी माणसाला आहे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, बिनयांत्रिक वल्हवत्या होड्यांना ती बंदी नाही. त्या दिवसांत खाडीच्या पाण्याची खरी ओळख वल्ही मारणाऱ्यालाच होते. भिऱ्याहून पाणी कधी सुटणार हे कोलाडच्या राफ्टवाल्यांना कळतं. किती सुटलं, डोलवहाळला किती वळलं आणि रोह्याखाली खाडीत काय मिसळलं, याचे रोजचे आकडे रेवदंड्याच्या कोळीवाड्यातही फळ्यावर लागले पाहिजेत.