गप्प होला आणि फोनची बॅटरी

दर वेळी मी आधी पक्ष्याचा आवाज ऐकवतो. आज नाही, कारण आजचा पाहुणा बहुतेक वेळा गप्पच असतो.

आपल्याकडे गच्चीवर दाणे टिपायला येणारा होला आठवा. हा त्याचा दूरचा भाऊ, पण बराच लहान, जेमतेम १८ सेंटिमीटरचा. रंग मातकट, आणि पंखावर सोनेरी चमकदार ठिपके. हे ठिपके जवळून, तेही ऊन नीट पडलं तरच दिसतात. शास्त्रीय नाव मेट्रिओपेलिया आयमारा. आयमारा म्हणजे तिथले मूळ रहिवासी.

तिथले म्हणजे कुठले? पेरू, बोलिव्हिया, चिली आणि अर्जेंटिना. अँडीज पर्वतातल्या उंच माळरानाला म्हणतात ‘पुना’. (हो, पुनाच! पण पुढे चिंचवड लागत नाही.) आपलं कळसूबाई १६४६ मीटर, हा पठ्ठ्या ४००० मीटरच्या आसपास राहतो. तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने साधारण ६० टक्केच ऑक्सिजन मिळतो. रात्री पाणी गोठतं. झाडं जवळपास नाहीतच, म्हणून सगळा संसार जमिनीवर. माणूस जवळ आला तरी हा चटकन उडत नाही, मातीत मिसळून बसतो.

खाणं म्हणजे कोरड्या बिया. आता गंमत बघा, कोरडं खाणाऱ्याला पाणी लागतंच. चिमणी चोचीत थेंब घेते आणि मान वर करून गिळते. होले-पारवे तसं करत नाहीत. चोच बुडवायची आणि स्ट्रॉने प्यावं तसं सलग ओढायचं. उघड्या माळावर, डोक्यावर ससाणा फिरत असताना, पाण्यापाशी दोन सेकंद कमी थांबणं ही छोटी गोष्ट नाहीये.

म्हणजे पाणी जवळ हवं. पुनामध्ये ते असतं ओलसर, स्पंजासारख्या कुरणांत. लामा-अल्पाका पाळणाऱ्यांची जनावरंही तिथेच चरतात. आणि इथे तुमच्या हातातला फोन गोष्टीत येतो. बॅटरीतलं बरंचसं लिथियम याच भागातल्या मिठाच्या मैदानांखालून येतं. खारं पाणी उपसायचं, मोठ्या तळ्यांत पसरायचं, उन्हात आटवायचं. प्रक्रियेला गोडं पाणीही लागतं, ते आसपासच्या नद्यांतून.

होल्याच्या जातीला सध्या धोका नाही, असं लाल यादी सांगते. ते खरंच आहे, उगाच घाबरवत नाही. पण यादी जातीची असते, एखाद्या ओढ्याची नसते. अर्जेंटिनात ओंब्रे मुएर्तो नावाचं मिठाचं मैदान आहे, ४००० मीटरवर. तिथल्या त्रापिचे नदीकाठचं ओलं कुरण सुकलं. स्थानिक लोक कोर्टात गेले. २०२४ मध्ये काटामार्का प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, सगळ्या प्रकल्पांचा मिळून पाण्यावर काय परिणाम होतो ते आधी तपासा, तोवर नवे परवाने नकोत.