जेंटाचा हिशेब

शेलूबाजारच्या चौफुलीजवळ मी सव्वीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा आणि मालेगावहून कारंज्याकडे जाणारा, असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. बाजाराच्या दिवशी आलेला माणूस कृषी केंद्र, किराणा, दवाखाना आणि मेडिकल एका फेरीत उरकतो. या सव्वीस वर्षांत एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही: "भाऊ, गोळ्यायनं काई होत नाई, सुईच पाह्यजे."

या वाक्याला हसणारे पुष्कळ भेटतात. मला ते कधी हसण्यासारखं वाटलं नाही. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिनने मरणाच्या दारातून माघारी आलेली माणसं आमच्या आईवडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली, आणि ती दोन्ही औषधं सुईतूनच आली. माझ्या कपाटात मात्र एक औषध असं होतं, ज्याच्या बाबतीत सुईचा आग्रह शास्त्रानेही खराच ठरतो. जेंटामायसिन. दोन मिलीलिटरची कुपी, आत ८० मिलिग्रॅम औषध. कंपाउंडरपासून पेशंटपर्यंत सगळे त्याला नुसतं 'जेंटा' म्हणतात. ते तोंडाने घेतलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, म्हणून शरीरभर पसरलेल्या संसर्गासाठी ते टोचावंच लागतं. स्वस्त आहे, साध्या तापमानाला टिकतं, आणि योग्य जंतू सापडला तर झपाट्याने काम करतं. या औषधाचं मला वेड लागलं ते माझ्या आत्यामुळे.

मी तेव्हा डी. फार्म.ला होतो. आत्याला लघवीच्या संसर्गाने थंडी वाजून ताप आला आणि तिला एका मोठ्या गावातल्या दवाखान्यात भरती केलं. तिचं वजन ३८ किलो. दिवसातून तीन वेळा ८० मिलिग्रॅम जेंटा, असं सोळा दिवस चाललं. त्या सोळा दिवसांत मूत्रपिंडाची एकही तपासणी झाली नाही. ताप गेला, आत्या घरी आली, आम्ही पेढे वाटले. आठवड्याभरात ती भिंत धरून चालायला लागली. "मले अंधारात पायच सापडत नाई रे," ती म्हणायची. शेतात धुऱ्यावरून चालताना दिवस मावळला की जागीच बसून राहायची, कोणीतरी हात धरून आणेपर्यंत. न्हाणीत केसांना शिकेकाई लावून डोळे मिटले आणि ती पडली. एसटीची पाटी उभं राहून वाचता यायची, पण चालता चालता अक्षरं नाचायची. ऐकू मात्र व्यवस्थित येत होतं, त्यामुळे कानाकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. आधी सगळे म्हणाले अशक्तपणा आहे, मग म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे.

कित्येक वर्षांनी माझ्या वाचनात एका डॉक्टरचा अनुभव आला. १९५२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याने तो फक्त जे. सी. या आद्याक्षरांनी छापला होता. स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या कानातली समतोल राखणारी यंत्रणा मारली होती. पलंगावर पडून वाचताना हृदयाच्या ठोक्यागणिक डोकं जे किंचित हलायचं, तेवढ्यानेही अक्षरं पुसट व्हायची. म्हणून तो उशालगतच्या लोखंडी गजांमध्ये डोकं टेकवून धरायचा आणि मग वाचायचा. ते वाचताना मला आत्याच दिसली. तिच्या दुखण्याला नाव होतं. तिला ते कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

कानाचा हा कोपरा मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळू द्या. कानाच्या पार आत, हाडात कोरलेल्या पोकळीत, दोन अवयव शेजारी राहतात. एक गोगलगायीच्या शंखासारखा, ऐकण्याचा. दुसरा तीन कमानी नळ्यांचा आणि दोन छोट्या पिशव्यांचा, तोल सांभाळण्याचा. दोन्हीकडे कामाला असतात त्या केशपेशी. त्यांच्या माथ्यावर केसांसारखे तंतू असतात म्हणून हे नाव. ऐकण्याच्या शंखात एका कानामागे त्या साधारण पंधरा हजार असतात. माणसात एकदा मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. जन्मताना मिळालेल्या पेशींवरच आयुष्य काढायचं.

निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातून जेंटा दर दोन-तीन तासांनी निम्मं होत जातं. केशपेशीत एकदा शिरलेलं औषध मात्र आठवडेच्या आठवडे तिथेच राहतं. म्हणूनच इंजेक्शनं संपल्यावरही त्रास सुरू होऊ शकतो, जसा आत्याचा घरी आल्यावर सुरू झाला. शंखात आधी मार बसतो तो बुडाशी, जिथे सर्वांत बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपले जातात. रातकिड्यांची किरकिर आधी जाते, मग 'स' आणि 'श' हे वर्ण धूसर होतात. घरात बसून दोन माणसांचं बोलणं कळत असतं, म्हणून रोगी म्हणतो मला ऐकू येतं. उंच पट्टीचे आवाज तपासणारी श्रवणचाचणी केली तरच नुकसान वेळेत हाती लागतं.

जेंटाच्या कुळातली औषधंही सगळी सारखी नाहीत. जेंटा आणि स्ट्रेप्टोमायसिन तोलाच्या भागावर जास्त उठतात. अमिकासिन आणि कानामायसिन ऐकण्याच्या भागावर. मला सर्वांत अचंबा वाटतो तो पुढच्या गोष्टीचा. मेनिएर नावाच्या आजारात बसल्या जागी भोवंडून पडायला होतं. तो आजार कशालाच दाद देत नसेल, तर कानाचे डॉक्टर पडद्यातून मधल्या कानात थेंबभर जेंटा मुद्दाम सोडतात, त्या बाजूचा बिघडलेला तोल बंद पाडण्यासाठी. जो घाव आत्याला नकळत बसला, तोच इथे मोजूनमापून इलाज म्हणून घालतात.

आणखी एक गोष्ट आईकडच्या वंशाची. पेशीतल्या मायटोकाँड्रियाला स्वतःचा जनुकसंच असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. त्यात १५५५ क्रमांकाच्या जागी एका अक्षराचा फरक असेल, तर जेंटाच्या अगदी थोड्या डोसानेही कायमचं बहिरेपण येऊ शकतं. हे १९९३ साली उलगडलं. युरोपात साधारण पाचशे माणसांत एकात हा फरक आढळतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला नवजात बाळाच्या गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून अर्ध्या तासाच्या आत हा फरक ओळखणारी चाचणी वापरून पाहिली गेली. तो अभ्यास २०२२ साली छापून आला. आपल्याकडे ती चाचणी दारात येईपर्यंत एक प्रश्न तरी फुकट विचारता येतो: आई, मावशी, आजी, मामा यांच्यापैकी कोणाला इंजेक्शनांनंतर ऐकू येणं बंद झालं होतं का? मी तो काउंटरवर विचारायचो. दोनदा उत्तर 'हो' आलं. दोन्ही वेळा मी चिठ्ठी डॉक्टरांकडे परत पाठवली आणि दोन्ही वेळा औषध बदलून आलं.

कानामायसिनची किंमत महाराष्ट्राने जाहीरपणे पाहिली आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या उपचारात ते महिनोन्‌महिने टोचलं जायचं. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांची ऐकण्याची शक्ती २०१३ साली क्षयाच्या इंजेक्शनांमुळे गेली. त्या घरी बसल्या नाहीत. क्षयावरच्या बेडाक्विलिन या गोळीचं पेटंट लांबवण्याच्या अर्जाला दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी आव्हान दिलं, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच कानामायसिन बाजूला सारून गोळ्यांच्या उपचाराकडे बोट दाखवलं होतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत रटगर्सला मातीतल्या जंतूपासून मिळालं. जेंटा १९६३ साली शेरिंग कंपनीच्या संशोधकांनी मायक्रोमोनोस्पोरा नावाच्या वेगळ्या जंतूपासून काढलं. म्हणून इंग्रजीत दोघांच्या शेपटाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं आहे, मराठीत मात्र दोन्ही 'मायसिन'च. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं.

मूत्रपिंडाचंही सांगायला हवं. जेंटा जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं आणि जाता जाता मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये साचतं. पाच-सात दिवसांनी, मूत्रपिंड थकल्याची खूण म्हणून, रक्तातलं क्रिएटिनिन चढायला लागतं. वेळेत थांबवलं तर बहुतेक वेळा मूत्रपिंड सावरतं, कानासारखं कायमचं जात नाही. पण आमच्या वऱ्हाडातला मे महिना आठवा. उन्हात पऱ्हाट्या उपटून किंवा वखरणी करून आलेला माणूस, दिवसभरात धड लघवी झालेली नाही, अंगात ताप. आणि त्याला एका दमात दोन सुया, एक जेंटाची आणि एक दुखणं थांबवणाऱ्या डायक्लोफेनॅकची. शरीर सुकलेलं असताना ही जोडी मूत्रपिंडाच्या मुळावर येते. माझं स्पष्ट मत आहे की उन्हाळ्यात ही जोडी देण्याची सवय मोडलीच पाहिजे. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड सोबत असेल तर कानाचा धोका वाढतो. मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार असलेल्याला जेंटाने श्वास घेणं अवघड होऊ शकतं. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्सोनसोबत ते एकाच सिरिंजमध्ये मिसळलं तर औषधाचा जोरच मरतो.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग हे औषध ठेवताच कशाला? त्यासाठी तुम्हाला गडचिरोलीला न्यावं लागेल.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या भागातली नवजात बाळं घरातच जन्मायची आणि घरातच जायची. आईबाप दवाखान्यात नेत नव्हते. अंतर, पैसा, रूढी, सगळंच आड यायचं. १९९५ पासून ३९ गावांत त्यांनी पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ताप बघायचा, घरी पुन्हा पुन्हा जायचं. आधी नीट रडणारं बाळ क्षीण रडायला लागलं, दूध ओढेनासं झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, अशी लक्षणं एकत्र दिसली की सेप्सिसचा, म्हणजे शरीरभर पसरलेल्या संसर्गाचा, संशय घ्यायचा. आधी दवाखान्याचा सल्ला द्यायचा. आईबापांनी नकार दिला तर त्यांच्या लेखी संमतीने घरातच मांडीत जेंटाचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोलचं सिरप.

डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. उपचाराआधी सेप्सिस झालेल्या शंभर बाळांमागे १६.६ दगावत होती; आरोग्यदूतांच्या उपचारानंतर २.८. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला होता. यात जेंटाचा एकट्याचा वाटा नाही. ऊब, दूध, श्वास सुरू करणं हे सगळं त्यात आहे. तरी सेप्सिसचे ते दोन आकडे मी दुकानाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते.

'सर्च'च्या शोधग्रामला मी एकदाच गेलो. पश्चिम विदर्भातून निघून पार पूर्वेच्या टोकाला. तिथला दवाखाना आदिवासींना आपला वाटावा म्हणून झोपड्यांच्या धाटणीचा बांधला आहे आणि आजाऱ्यासोबत नातलगांना राहता येतं, हे वाचून माहीत होतं. तरी पाहताना बरं वाटलं. माझ्या मनात घोळत होती ती श्वास मोजायची मण्यांची पाटी. आकडे न येणाऱ्या दाईलाही मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाबरोबर मणी सरकवून बाळाचा श्वास जलद आहे की नाही हे कळावं, म्हणून ती बनवली होती. मला त्या पाटीतच सगळा हिशेब दिसतो. आरोग्यदूत बायकांच्या हातात जेंटा सुरक्षित राहिलं ते त्या मोजत होत्या म्हणून.

मोजणं म्हणजे काय ते एका बाळावर दाखवतो. बाळ ३.२ किलोचं. किलोमागे ५ मिलिग्रॅम धरले तर दिवसाला १६ मिलिग्रॅम. मोठ्यांच्या कुपीत मिलीलिटरला ४० मिलिग्रॅम असतात, म्हणजे बाळाला फक्त ०.४ मिलीलिटर. पूर्ण कुपी दिली तर पाचपट. अडीच किलोखालच्या बाळाला किलोमागचा डोसही कमी लागतो, कारण त्याची मूत्रपिंडं अजून कोवळी असतात. म्हणून हा हिशेब घरी करायचा नसतो. तो करणाऱ्याने केला की नाही, हे आपण विचारायचं असतं. एक मिलीलिटरची बारीक सिरिंज, वजनकाटा आणि दिवस लिहिलेला कागद, एवढं समोर दिसलं पाहिजे. दिवसाचा डोस एकदमच देण्यालाही कारण आहे. हे औषध रक्तातलं प्रमाण जितकं चढेल तितकं जोरात जंतू मारतं आणि ते उतरल्यावरही काही तास जंतूंना डोकं वर काढू देत नाही. मधल्या काळात मूत्रपिंडाला उसंत मिळते. २०१४ साली केंद्र सरकारनेही ठरवलं, की दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तेव्हा उपकेंद्राच्या एएनएम नर्सने तान्ह्या बाळाला जेंटाचे सात दिवस पूर्ण करावेत.

दुकान आता मुलगा पाहतो. काउंटरच्या बाजूला मी ठेवलेला वजनकाटा अजून आहे. जेंटा किंवा अमिकासिनची चिठ्ठी आली की तो रोग्याला काट्यावर उभं करतो आणि औषधाच्या पुडीवर चार गोष्टी लिहितो: वजन, सुरू केल्याची तारीख, किती दिवस, आणि कानात घुंई, चक्कर किंवा लघवी कमी झाली तर पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. परवा एक आजी आली होती. वजन ३४ किलो भरलं, चिठ्ठीवर दिवसातून दोनदा ८०, दिवस लिहिलेलेच नव्हते. म्हणजे किलोमागे पावणेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. तरुण मूत्रपिंडाला ते पेलतं, सत्तरीतल्या बाईचं आधी तपासावं लागतं. मुलाने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बरं झालं विचारलं, क्रिएटिनिन करून घ्या, तोवर मी दुसरं लिहून देतो. आजी बाकावर बसून होती. "अजून सुई नाई भेटली का रे बापू?" तिने दोनदा विचारलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि आत्याची गोष्ट सांगायला लागलो.