ठिपका किती जुना?

घरातले माणूस नकाशावर ठिपका होऊन दिसू लागले, त्याला आता दीड दशक उलटून गेले. गुगलने फेब्रुवारी २००९ मध्ये ‘लॅटिट्यूड’ आणले, ऑगस्ट २०१३ मध्ये ते गुंडाळले आणि मार्च २०१७ मध्ये तीच सोय मॅप्समध्ये पुन्हा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आले आणि ‘पोहोचलास का?’ची जागा ‘लोकेशन टाक’ने घेतली. या साऱ्या काळात अशा ॲपची पारख एकाच मापाने होत आली: ठिपका खऱ्या जागेपासून किती मीटर चुकतो? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र हे माप अपुरे पडते. इथली मोठी चूक मीटरांत नसते, ती मिनिटांत आणि तासांत असते. आणि इतक्या वर्षांच्या सुधारणांनी ती पुरेशी कमी केलेली नाही.

मीटरांचा हिशेब आधी करू, कारण तिथली प्रगती खरीच मोठी आहे. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारी तफावत एकदम आवाक्यात आली. एप्रिल २०१६ मध्ये ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन प्रणालीचा सातवा उपग्रह सुटला. २०१८ पासून दोन वारंवारितांवर ऐकणारे फोन बाजारात आले, आणि त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये जीपीएस सक्तीचे झाले. मोकळ्या आभाळाखाली आजचा साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. सागवान आणि बांबूच्या दाटीत संकेत क्षीण होतो, खोडांवरून परावर्तित होतो आणि चूक काही पटींनी वाढते. पानगळीनंतर आभाळ उघडते, पावसाळ्यात पुन्हा मिटते. तरीही मोह वेचायला गेलेली बाई नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढे कळायला ही अचूकता बहुतेक वेळा पुरते. उपग्रह इथे फारसे कमी पडत नाहीत.

पण फोनला स्वतःची जागा कळणे वेगळे आणि ती घरच्यांना कळणे वेगळे. पहिल्याला आभाळ लागते, दुसऱ्याला टॉवर. नक्षलप्रभावित भागांतल्या मोबाइल टॉवरांच्या योजनेला केंद्राने २०१४ मध्ये मंजुरी दिली, पण बीएसएनएलचे ते टॉवर टूजीचे होते. देशभरातल्या अशा २,३४३ ठिकाणी फोरजी आणण्याचा निर्णय एप्रिल २०२२ मध्ये झाला. गडचिरोलीत टॉवर जाळले जाण्याच्या घटनाही घडल्या. गावातून निघालेला फोन रेंजबाहेर गेला की ठिपका शेवटच्या रेंजच्या जागी थांबतो आणि घरच्यांना वाटते, माणूस तिथेच बसला आहे. उपग्रहाचा संकेत मिळाला नाही तर फोन टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि विरळ टॉवरांच्या प्रदेशात तो अंदाज काही किलोमीटर चुकू शकतो. सिरोंचाकडे गोदावरी-प्राणहितेच्या काठावर फोनने पलीकडचा, तेलंगणातला टॉवर पकडला, तर ठिपका नदी ओलांडूनही जाऊ शकतो.

भर पडली ती सॉफ्टवेअरची. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये पडून असलेल्या फोनला झोपवणारी ‘डोझ’ व्यवस्था आली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने, मागे चालू असलेल्या ॲपला तासाभरात मोजक्याच वेळा नवे ठिकाण मिळेल, असे बंधन घातले. हेतू बॅटरी वाचवण्याचा होता आणि तो गैर नव्हता. परिणाम असा की उपग्रहांकडून मिळणारी जागा नेमकी होत गेली, त्याच वर्षांत ती घरी पोहोचवणारी ॲप सुस्तावली. शहरात वाय-फाय आणि दाट टॉवर ही उणीव झाकतात. भामरागड किंवा एटापल्लीच्या जंगलात झाकणारे काहीच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की टॉवर वाढत आहेत, प्रश्न आपोआप सुटेल. गावांपुरता तो बराच सुटेलही. पण टॉवर वस्तीसाठी उभा राहतो, आणि धोका वस्तीबाहेर असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. अशी कामे रस्ता सोडून आत गेल्याशिवाय होत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काहीच नसण्यापेक्षा जुना ठिपका बरा, निदान शोध कुठून सुरू करायचा ते कळते. हे मान्य, पण एका अटीवर: तो जुना आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक हवे. सकाळी सातचा ठिपका दुपारी ‘आत्ताचा’ म्हणून वाचला, तर शोधणारे भलत्या दिशेला जातात, किंवा ‘आहे की तिथेच’ म्हणून निघतच नाहीत.

वेळेचा हा प्रश्न वनखात्याने कुटुंबांच्या ॲपआधी ओळखला होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० मध्ये आणलेली ‘एम-स्ट्राइप्स’ प्रणाली व्याघ्र प्रकल्पांतील गस्तीसाठी वापरली जाते. वनरक्षकाचा मार्ग रेंज नसतानाही ती वेळेसह फोनमध्ये नोंदवते आणि नेटवर्क मिळाल्यावर पाठवते. गस्तीचा हिशेब उशिरा पोहोचला तरी चालतो, कारण तो कोणत्या वेळेचा हे त्यावरच लिहिलेले असते. कुटुंबांच्या ॲपमध्ये ही वेळ असलीच तर बारीक अक्षरांत, ठिपक्यावर बोट दाबल्यावर दिसते.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांकडे मागणी साधी आहे: वेळ ठिपक्याइतकीच ठळक दाखवा, जुना ठिपका फिका करा, आणि रेंज नसतानाचा मार्ग साठवून नंतर पाठवा. यासाठी नवा उपग्रह लागत नाही. ते होईपर्यंत घरच्यांनी नकाशा उघडल्यावर आधी वेळ वाचावी, मग जागा. आणि जंगलात जाणाऱ्याने कोणाबरोबर जातो, कोणत्या बाजूला जातो आणि किती वाजता परततो, हे निघण्यापूर्वी घरी सांगावे. त्या माहितीला रेंज लागत नाही.