सूक्ष्मनलिकांचा उगम : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

श्रावणात सह्याद्रीच्या उतरणीवर, पानांच्या वळलेल्या शेंड्यांनी शेजारच्या झुडपाचा आधार घेत चढणारी आणि पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले मिरवणारी कळलावी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या कंदातील विषाची ताकीदही वडीलधाऱ्यांकडून मिळालेली असते. परंतु त्याच कंदातील कोल्चिसिन हे द्रव्य पेशीविज्ञानाच्या केवढ्या कामी आले, याची वाच्यता फारशी होत नाही. हे द्रव्य पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला घट्ट चिकटते, एवढा धागा पकडून गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी १९६७ साली त्या प्रथिनाचा माग काढला. पुढे ट्युब्युलिन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या प्रथिनाच्याच जोडकणांनी सूक्ष्मनलिका, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, घडलेल्या असतात. या नलिकांचा व्यास मिलिमीटरच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे २५ पट भरतो, आणि बहुधा १३ उभ्या सरी शेजारी-शेजारी जुळून त्यांची पोकळ भिंत उभी राहते.

या नलिकांना पेशीचा सांगाडा म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि सांगाडा म्हटला की तो एकदा घडतो व जन्मभर टिकतो, असा ग्रह सहजच होतो. वस्तुस्थिती अशी की, विभाजन चालू असलेल्या पेशीतील बहुतेक नलिकांचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. शिन्या इनोए यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशीतील तुर्कतंतू, म्हणजे विभाजनाच्या वेळी दिसणाऱ्या या नलिकांच्या जुड्या, पाहिले, तेव्हा थंडी दिली की ते विरघळून जात आणि ऊब परत मिळताच पुन्हा प्रकट होत. जी वस्तू इतक्या वेळा मोडते, तिची उभारणी प्रत्येक वेळी सुरू कोठून होते, हा प्रश्न म्हणूनच मला या सर्व विषयाचे मर्म वाटतो.

त्याचे सोपे उत्तर असे दिले जाते की, ट्युब्युलिनचा साठा पुरेसा असला म्हणजे नलिका आपोआप बनतात. या समजाला आधार नाही असे नव्हे. रिचर्ड वायझेनबर्ग यांनी १९७२ साली उंदराच्या मेंदूच्या अर्कातील कॅल्शियम बांधून टाकून आणि तो अर्क शरीराइतका उबदार ठेवून परीक्षानळीत नलिका घडवून दाखवल्या. मात्र नलिका वाढणे वेगळे आणि तिचा आरंभ होणे वेगळे, हा भेद येथे नजरेआड होतो. लहानपणी आमच्या आळीच्या टोकाला बसणाऱ्या बुरडाचे काम मी तासन्‌तास पाहत असे. टोपलीच्या बुडासाठी तो पहिल्या कामट्या आडव्या-उभ्या मांडी, तेव्हा त्या सुटून इकडे-तिकडे सरकत, आणि त्यांवर पाय रोवून त्यांना जागच्या जागी धरण्यातच त्याचा निम्मा वेळ जाई. बूड एकदा अडकले की मग कड बघता-बघता वर येई. ट्युब्युलिनचेही असेच आहे. पहिले चार-सहा कण एकत्र आले तरी त्यांना आजूबाजूने पुरेसे शेजारी लाभलेले नसतात, म्हणून ते जुळण्यापूर्वीच विखुरतात. तयार नलिकेच्या टोकाला येऊन मिळणाऱ्या कणाला मात्र बाजूचा आणि खालचा असा दुहेरी आधार मिळतो. त्यामुळे ट्युब्युलिनच्या ज्या प्रमाणाला नवी नलिका सहसा सुरूच होत नाही, त्याच प्रमाणाला जुनी नलिका खुशाल वाढत राहते, आणि पेशी नेमका या अडचणीचाच उपयोग करून घेते : आरंभाची सनद ती आपल्या हाती राखून ठेवते.

ही सनद ज्याच्याकडे असते ते गॅमा-ट्युब्युलिन १९८९ साली बर्ल ओकली यांच्या प्रयोगशाळेला ॲस्परजिलस नावाच्या बुरशीत सापडले. नावसाधर्म्यामुळे तेही भिंतीतील एक वीट असावे असे वाटते. पण ते भिंतीत बसत नाही, पायाशी राहते, आणि इतर काही प्रथिनांच्या साहाय्याने त्याच्या १४ कणांचे एक वलय बनते. या वलयावर नलिका उभी राहते आणि तिची वाढ होते ती केसासारखी मुळाकडून नव्हे, तर पारंबीसारखी दूरच्या टोकाकडून. हे वलय म्हणजे तयार ओतीव साचा, ही समजूतही पुष्कळ दिवस चालली. २०२० च्या सुमारास त्याची रचना बारकाईने पाहता आली, तेव्हा ते वाजवीपेक्षा रुंद, काहीसे तिरपे आणि उघडे असल्याचे दिसले, आणि त्याच्या पोटात ॲक्टिन या भलत्याच कुळातील प्रथिनाचा एक कणही बसलेला आढळला. नलिका उगवू लागताना ते मिटते आणि १३ सरींच्या मापाला येते, हे २०२४ साली प्रत्यक्ष पाहिले गेले. साचा येथे काम सुरू झाल्यावर जमतो, ही गोष्ट मला फार मनोरम वाटते.

सर्वांत चिवट समज तारककायाविषयीचा, म्हणजे केंद्रकाजवळच्या एका लहानशा पिंडाविषयीचा, आहे. थिओडोर बोव्हेरी यांनी १८८८ च्या सुमारास त्याला सेंट्रोसोम हे नाव दिले, आणि पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत सर्व तंतू त्याच्यापासूनच फाकलेले दाखवले जात असल्याने नलिकांचा संपूर्ण मक्ता त्याच्याकडेच आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. प्राण्यांच्या पुष्कळ पेशींत ते मुख्य ठाणे आहे खरे. पण तेथेही नलिका उगवतात त्या मधल्या दोन तारककेंद्रांतून नव्हे, तर त्यांच्या भोवती जमलेल्या द्रव्यात अडकलेल्या वलयांतून. शिवाय ठाणे एकच नसते. पक्व चेतापेशींत तारककायाचा अंमल ओसरतो, स्नायुपेशींत केंद्रकाच्या आवरणावरून नलिका निघतात, आणि गॉल्गी पिंडावरूनही निघतात. केंब्रिज येथे २००६ साली तारककेंद्रे घडवू न शकणाऱ्या फळमाश्या वाढवण्यात आल्या. मातेकडून मिळालेली पुंजी संपल्यावरही त्यांच्या पेशींचे विभाजन बव्हंशी सुरळीत चालून पूर्ण माशी तयार झाली. ती लवकर मेली खरी, पण त्याचे कारण संवेदनांना लागणारे सूक्ष्म केसतंतू तिच्यापाशी नव्हते, हे होते.

याहून विलक्षण म्हणजे जुन्या नलिकेच्या अंगावरूनच नवी फुटते. ऑग्मिन हे प्रथिनसंकुल जुन्या भिंतीला धरून राहते व वलयाला तेथे बोलावून घेते, आणि नवी नलिका लहानसा कोन करून त्याच दिशेने निघते. सबीने पेट्री आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात ही शाखा फुटताना दाखवली. त्यापूर्वीच, २००५ साली, तंबाखूच्या पेशींत सुमारे ४० अंशांच्या कोनात अशा फांद्या फुटताना दिसल्या होत्या. सपुष्प वनस्पतींत तारककाय मुळी नसतोच. ज्या कळलावीच्या विषाने ट्युब्युलिनचा पत्ता दिला, तिच्या स्वतःच्या पेशींतही नलिका उगवतात त्या पेशीभित्तीलगतच्या पातळ थरात, कोणत्याही मध्यवर्ती ठाण्याच्या हुकमाविना, बहुतेक एकीच्या अंगावरून दुसरी.